सासूबाईंच्या नावाची भाजणी आणि वकिलाची नोटीस

भाजणीवाली (कऱ्हाड):
परवा पोस्टाने चार पानी इंग्रजी नोटीस आली. सासूबाईंना अख्खी गल्ली ज्या नावाने हाक मारते, त्याच नावाने आम्ही २०१२ पासून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकतो. आता एका कंपनीने म्हणे तेच नाव रजिस्टर केलंय, अर्ज २०१९ चा. पंधरा दिवसांत नाव बंद करा, माल नष्ट करा, असं लिहिलंय. माझ्याकडे गुमास्ता आहे, फूड लायसन्स आहे. तेवढ्याने भागत नाही का? कालच दोन हजार नवी पाकिटं छापून आलीत, जिन्याखाली पडलीत. सासूबाईंचं एकच पालुपद, "माझं नाव, मला विचारलं होतं का त्यांनी?"

शांतताप्रेमी:
ताई, नाव बदला आणि मोकळ्या व्हा. कोर्टाची पायरी नको.

पापडवाले काका:
थांबा, इतक्यात पाकिटं रद्दीत घालू नका. या फेऱ्यातून मी गेलोय.
गुमास्ता म्हणजे धंदा करायचा परवाना, नावावर हक्क नव्हे. पण ट्रेडमार्क कायदा, १९९९ चं कलम ३४ वाचा. समोरच्याने नाव वापरायला लागण्याच्या किंवा रजिस्टर करण्याच्या, यातलं जे आधी घडलं, त्याच्याही आधीपासून तुम्ही ते त्याच मालासाठी सलग वापरत असाल, तर त्याला तुम्हाला अडवता येत नाही. म्हणून आधी शोधा, ते स्वतः कधीपासून विकतायत. अर्जाची तारीख वेगळी, विक्रीची वेगळी.
तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तिथे तर दोन्हीकडे रजिस्ट्रेशन होतं. कोर्टाने आधी वापरणाऱ्याचं पारडं जड मानलं.
फक्त पुरावा हवा, आणि तो नावासकट. नुसतं "भाजणी ५ किलो" लिहिलेली कच्ची पावती कामाची नाही.

भाजणीवाली:
रात्री दोन वाजेपर्यंत कपाटं उपसली. गुमास्त्यावर ह्यांचं नाव, भाजणीचा उल्लेखच नाही! पण लेबलं छापणाऱ्याचं ऑक्टोबर २०१२ चं बिल सापडलं, त्याला पहिलं लेबल टाचलेलं. टाचणी गंजलीय, नाव मात्र स्वच्छ वाचता येतं. बचत गटाच्या प्रदर्शनाची पावतीही आहे. लॉकडाऊनमध्ये चार महिने बंद होतो, ते "सलग" मध्ये बसतं का?

पापडवाले काका:
तेवढ्याने धंदा सोडला असं होत नाही. ते बिल प्लास्टिकमध्ये घाला, टाचणी काढू नका. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचं काहीतरी जोडा.

कोर्टातला कारकून:
एक भर. कलम ३४ ही तुमची ढाल. त्यांना थांबवायचं असेल तर 'पासिंग ऑफ'चा दावा, म्हणजे तुमच्या नावावर ते आपला माल खपवतायत अशी तक्रार; त्याला तुमचं रजिस्ट्रेशन लागत नाही. सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये त्यांचा अर्ज छापल्यापासून हरकतीची मुदत चार महिने, ती गेली असणार. पण रजिस्टरमधून नाव काढायचा अर्ज नंतरही करता येतो. नोटिशीला वकिलाकडूनच उत्तर द्या, बिलाची झेरॉक्स जोडून. फोनवर "बरं, बदलतो" म्हणू नका. आणि स्वतःचा ट्रेडमार्कचा अर्ज टाका, वर्ग ३० मध्ये, म्हणजे मसाले-पिठांच्या गटात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. वापर २०१२ पासूनचा असं प्रतिज्ञापत्र द्या.

भाजणीवाली:
सोमवारी साताऱ्याला वकिलांकडे जातेय. सासूबाईही येणार म्हणतायत, आधार कार्ड घेऊन. त्यावर हाकेचं नाव नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.