वानरांना केळी द्यावीत का?

ओंकारेश्वरच्या वानरांना (काळ्या तोंडाच्या लंगुरांना) केळी दिली तर बिघडले काय, फळे हे त्यांचे नैसर्गिकच अन्न आहे, असा मुद्दा काही जण मांडतात. आम्ही इंदूरकर दर्शनाला जाताना केळ्यांचा घड हमखास सोबत नेतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वानराचे जठर अनेक कप्प्यांचे असते. त्यातील जिवाणू पानांमधील सेल्युलोज (न पचणारे तंतू) आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लांवर वानराचे बरेचसे पोषण चालते. पिंपळाची कोवळी पालवी खुडून, ती सावकाश चावून, मग दीर्घकाळ स्वस्थ बसून राहणारी मादी घाटाजवळ दिसते, ती याच पचनामुळे. केळी, बिस्किटे असे गोड, पिठूळ अन्न मात्र तेथे झपाट्याने आंबते, आम्लता वाढते आणि तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात. लाल तोंडाच्या माकडाचे जठर साधे असल्याने त्याला असे अन्न तुलनेने सोसते. दोघांना एकाच मापाने मोजणे मला चुकीचे वाटते.

डूक वानर (आग्नेय आशियातील पानखाऊ वानर) आणि हाउलर माकडे (अमेरिका खंडातील पाने खाणारी माकडे) यांच्यावरील २०१६ च्या अभ्यासात, बंदिवासातील प्राण्यांचे मूळचे जिवाणू घटून माणसाच्या आतड्यात आढळणारे प्रिव्होटेला व बॅक्टेरॉइडीज हे जिवाणू वाढलेले दिसले, आणि आहारातील तंतूंची घट हे त्याचे प्रमुख कारण असावे असे संशोधकांनी मांडले. त्यामुळे कृपया केळी देवालाच वाहावीत, वानरांना देऊ नयेत.