संत्र्याच्या सालीनं अख्खं घर साफ निघते म्हणे!

पऱ्हाटी: काल इथं एका ताईंनी लिहिलं, संत्र्याच्या सालींचं बायो-एन्झाइम (गूळ-पाण्यात आंबवलेला अर्क) करा, फिनाईल, अ‍ॅसिड, साबण सगळं बंद, खर्च शून्य. खाली नुसते अंगठेच अंगठे. शून्य कसा बाप्पा? १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी अन् वर ३ महिने. गूळ काय फुकट भेटते? आणि ते आंबट पाणी शहाबादीवर नेमानं फिरवाल तर फरशीची चमक जाईल. शहाबादी म्हणजे चुनखडीच. पटत नसेल तर कोपऱ्यातल्या फरशीवर लिंबाचा एक थेंब टाका. बारीक फेस येतो, पुसल्यावर पांढुरका खरबरीत ठिपका उरतो. मग तो घासून पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

संत्राबाग (वरुड): गूळ पडीचा, काळा घ्या, चालतो. सालींना तर इकडे तोटाच नाही. अन् निव्वळ अर्क फरशीवर ओतायला सांगितलं कोणी? बादलीभर पाण्यात अर्धी वाटी. लोकांचं बिघडते ते बाटली भरताना. काचेची घेतात, काठोकाठ भरतात, बूच आवळतात, अन् मे महिन्यात ती पत्र्याखाली फुटते. प्लास्टिकची घ्या, वरचा पाव भाग रिकामा सोडा, पहिला महिना रोज बूच सैल करून वायू सोडा. वर पांढरा पापुद्रा आला तर घाबरू नका. काळी बुरशी धरली तर मात्र फेका.

पऱ्हाटी: पातळ केलं तरी आंबटच. चुनखडीचं नुकसान हळू होईल, एवढाच फरक. शिवाय गुळाचा अंश राहिला की मुंग्यांची रांग लागते, पुन्हा साध्या पाण्यानं पुसा.

खारपाणी (दर्यापूर): तुमचं साल-पुराण चालू द्या. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागातल्या, माणसाले कोणी विचारते का? पाणीच असं हाय की साबणाचा फेसच येत नाही, बादलीवर चिकट साय धरते. आधी पाणी सुधारा, मग साफसफाई शिकवा.

संत्राबाग: भाऊ, विषय पाण्याचा नाही.

खारपाणी: काहून नाही? दुप्पट साबण जाते तो पाण्यापायीच. १५ लिटरच्या बादलीत धुण्याचा सोडा मोठा चमचाभर विरघळवा, पाऊण तास हलवू नका. चुना पांढरा गाळ होऊन तळाशी बसते; वरचं नितळ पाणी अलगद काढून त्यात कपडे भिजवा. खारटपणा जाणार नाही, पण साबण निम्म्यानं वाचते. खाण्याचा सोडा नका घेऊ, तो महाग अन् या कामाचा नाही. रेशीम, लोकर यात बुडवू नका. हाताले भेगा असतील तर हातमोजे घाला.

चुलीपाशी: हेच पाणी कोणी जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्यांना वापरलं तर? सोड्यानं जर्मन काळं पडते. राखेचंही तेच, तिच्यातही क्षार असतो. राख पितळेला, लोखंडी तव्याला ठीक, तीही चाळून, नाहीतर खडे ओरखडे पाडतात. पितळेवरच्या काळपटीला आधी चिंच-मीठ. अन् जड पाण्याला रिठा का नाही आठवला कोणाला? ८-१० रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी १५ मिनिटं उकळा, गाळा. साबणासारखी साय धरत नाही. ४ दिवसांत आंबते म्हणून लागेल तेवढंच करा. डोळ्यात गेलं तर लय झोंबते.

संत्राबाग: चला, सगळ्यांनी आपापली दुकानं मांडली. संडासच्या भांड्यावरच्या पिवळ्या थराचं काय? तिथं अर्कच लागते ना?

पऱ्हाटी: तिथंही तुमचा अर्क ढिलाच. लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) आणा, किराण्यात सुटं भेटते. २ मोठे चमचे लिटरभर कोमट पाण्यात. भांड्यातलं साचलेलं पाणी आधी काढून टाका, नाहीतर द्रावण पातळ होते. जुनं सुती फडकं त्यात भिजवून थरावर रात्रभर चिकटवून ठेवा, सकाळी ब्रशनं घासा. जाड थर असेल तर दोन-तीन राती.

संत्राबाग: म्हणजे शेवटी आंबटच ना! मग माझ्या आंबटानं काय घोडं मारलं?

पऱ्हाटी: चिनी मातीच्या भांड्यावर आंबट चालते, चुनखडीवर नाही. एवढं तरी कळू द्या.

चुलीपाशी: भांडत बसा, पण एक वाचून ठेवा. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बऱ्याच घरी मोरीत पडते. तिच्यावर अ‍ॅसिड गेलं की क्लोरीन वायू सुटते, हे माहीत असते. लिंबूसत्व, व्हिनेगर, हा सालींचा अर्क, यांच्यानंही सुटते. बारक्या बंद मोरीत घसा धरते, खोकला थांबत नाही. एकानं धुतलं की भरपूर पाणी ओता, अन् दुसरं दुसऱ्या दिवशी. घरगुती आहे म्हणून बिनधास्त एकत्र करायचं नाही.

संत्राबाग: बरं बाई, टीसीएलचं मान्य. शहाबादीचंही, अर्धं. आमच्या घरी सिरॅमिक टाइल्स आहेत, म्हणून अर्धं.

खारपाणी: टाइल्सवाल्यांनो, तुमच्याकडचं एक टँकर गोडं पाणी इकडं धाडता का?