अनुभव धागा: ऱ्हाइन, मोझेल आणि इतर जर्मन नदीखोरी – तीन-चार दिवस, रेल्वे आणि बोट

जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे आईवडील आले की नदीखोऱ्यांचा बेत हमखास निघतो. गाडी भाड्यानं न घेताही तो उत्तम जमतो, कारण इथल्या बहुतेक खोऱ्यांत रूळ अगदी पाण्याच्या कडेनं धावतात. ज्यांना एखादं खोरं नीट ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं, आणि वर आपण कुठून लिहितो त्या गावाचं नाव टाकावं. प्रवासवर्णन नको. कुठे चढायचं, कुठल्या दिशेनं जायचं, किती वेळ धरायचा आणि घोळ नेमका कुठे होतो, एवढं पुरे. बोटींच्या वेळा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या इथून न घेता कंपनीच्या चालू वेळापत्रकातच पाहाव्यात.

माइंझहून

सुरुवात मध्य ऱ्हाइनपासून. बिंगेन-र्‍यूडेसहाइम ते कोब्लेंझ हा ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तो सगळा बोटीनं करायचा मोह टाळा. ऱ्हाइनला इथे जबर ओढ आहे. त्यामुळे र्‍यूडेसहाइमहून कोब्लेंझला उतरायला बोटीला चारेक तास लागतात, पण कोब्लेंझहून वर चढायला सहाच्या आसपास. पहिले दोन तास मजेत जातात, नंतर डेकवर सगळे पेंगायला लागतात.

साधा नियम असा: वर जाताना रेल्वे, खाली येताना बोट. आणि बोट घ्यायची तर बाखाराख ते सांक्ट गोआर. कौबच्या नदीतला फाल्झग्राफेनश्टाइन किल्ला, ओबरवेझेलची तटबंदी आणि लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा हे सगळं या एका टप्प्यात येतं. प्रवाहासोबत पाऊण तास, उलट दिशेनं तास-सव्वा तास. हेच अंतर रेल्वे दहा-बारा मिनिटांत तोडते. म्हणजे सकाळी माइंझहून रेल्वेनं बाखाराख, गावात दोन तास, बोटीनं सांक्ट गोआर आणि तिथून रेल्वेनं परत. एक दिवस भरगच्च होतो आणि दमणूकही होत नाही.

मुख्य कंपनी केडी, म्हणजे क्योल्न-ड्यूसेलडॉर्फर, १८२६ पासूनची. तिचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातही एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये फेऱ्या कमी असतात, तेव्हा एक बोट चुकली तर पुढची थेट दुपारी. १९१३ साली बांधलेली ‘ग्योटे’ ही चाकांची बोट हवी असेल तर वेळापत्रकात तिच्या फेरीवर वेगळी खूण असते, ती बघून घ्या.

बिंगेनला दोन स्टेशनं आहेत. बोटीसाठी बिंगेन श्टाट सोयीचं. बिंगेन हाउप्टबानहोफ नाहे नदीच्या पलीकडे आहे. ‘हाउप्ट’ म्हणजे मुख्य, म्हणून लोक तिथेच उतरतात आणि बॅगा ओढत चालत येतात.

कोलोनहून

वरच्यात एक महत्त्वाची भर. कोलोनहून फ्रँकफुर्टचं तिकीट काढलं की अॅप आधी आयसीई ही वेगवान एक्सप्रेस दाखवतं. ती गाडी २००२ साली सुरू झालेल्या वेगवान मार्गानं, डोंगरातल्या बोगद्यांमधून जाते. तासाभरात पोचवते, पण कोलोन सोडल्यावर ऱ्हाइन दिसत नाही. खोरं बघायचं तर शोधताना ‘मधला थांबा’ म्हणून कोब्लेंझ टाका. मग डाव्या काठानं (प्रवाहाच्या दिशेनं पाहता डावा) जाणाऱ्या आयसी (लांब पल्ल्याच्या) किंवा लोकल गाड्या वर येतात. वेळ दुपटीहून जास्त लागतो, आणि तो लागावाच.

कोब्लेंझहून माइंझकडे जाताना डाव्या खिडकीशी बसायचं, उलट येताना उजव्या. कोब्लेंझनंतर लगेच नदी येते, त्यामुळे जागा आधीच पकडा. ऐन लोरेलायपाशी मात्र रेल्वेवर विसंबू नका. ओबरवेझेल आणि सांक्ट गोआरच्या मध्ये डाव्या काठाचे रूळ लागोपाठ बोगद्यांत शिरतात, आणि उजव्या काठाची गाडी तर त्या कड्याच्याच पोटातून जाते. तो कडा बोटीवरूनच बघायचा. तिथे डेकवर पुढे उभं राहिलात तर काठावर दिव्यांचे मोठे फलक दिसतील. वळणापलीकडून जहाज येतंय का आणि ते केवढं आहे, हे त्या दिव्यांच्या पट्ट्यांवरून समोरच्या जहाजाला कळतं. नदी तिथे इतकी चिंचोळी आणि वळणाची आहे की हे दिवे आजही लागतात.

पुन्हा माइंझहून

काठ बदलण्याचं राहिलंच. व्हीसबाडेन सोडलं की कोब्लेंझपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट: बिंगेन–र्‍यूडेसहाइम, नीडरहाइमबाख–लोर्ख, कौब, सांक्ट गोआर–सांक्ट गोआर्सहाउझेन, बोपार्ड–फिल्झेन. सुटे युरो रोख ठेवा आणि शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच बघा. नकाशात समोर दिसणारं हॉटेल संध्याकाळनंतर फार लांब पडतं.

एकच किल्ला आतून बघायचा असेल तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. १६८९ च्या सुमारास फ्रेंच फौजांनी या भागातले बरेच गड उडवले आणि त्यातले काही १९व्या शतकात नव्यानं उभारले गेले. मार्क्सबुर्ग मात्र कधीच पडला नाही. तो उजव्या काठावर आहे. कोब्लेंझहून आरबी १० या लोकल गाडीनं पाव तास, मग वीस-पंचवीस मिनिटांचा चढ. चढावर दगड-धोंडे आहेत आणि आतल्या पायऱ्या ओबडधोबड, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांना नेण्याआधी विचार करा.

कोब्लेंझहून

मोझेलबद्दल लिहितो, कारण ऱ्हाइनच्या झगमगाटात ती मागे पडते. चार दिवस असतील तर दोन मोझेलला द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

ऱ्हाइनचा दिशेचा नियम इथे फारसा लागू नाही. १९६४ साली मोझेल जहाजांसाठी बांधून काढली. कोब्लेंझ ते ट्रिअर दहा बंधारे आणि जलपाश (बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे लॉक) आहेत, त्यामुळे पाणी जवळजवळ संथ. इथे वेळ जातो तो जलपाशात. कोखेम ते बाइलश्टाइन ही सर्वांत चांगली छोटी फेरी, साधारण तासाभराची, आणि मध्ये फांकेलचा जलपाश लागतो. बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, ओल्या भिंतींमध्ये पाणी भरत जातं आणि डेक हळूहळू काठाच्या पातळीला येतो. लहान मुलांना हा भाग किल्ल्यांपेक्षा जास्त आवडतो. मात्र पुढे मालवाहू जहाज असलं तर थांबावं लागतं, म्हणून परतीची रेल्वे बोटीला अगदी चिकटून धरू नका. अर्धा तास मोकळा ठेवा.

बाइलश्टाइनला स्टेशन नाही. कारण असं: कोखेमनंतर नदी वीसेक किलोमीटरचा वळसा घेते आणि रेल्वे तो वळसा टाळून ४,२०५ मीटरच्या कायझर-विल्हेल्म बोगद्यातून थेट पलीकडे एडिगर-एलरला निघते. वळशातल्या गावांना बोट किंवा बस, एवढंच. त्यापुढे बुलायपर्यंत गाडी नदीकाठीच आहे. तिथला दुमजली पूल बघा, वर रूळ आणि खाली रस्ता. पूल ओलांडला की उतारावरचा प्युंडेरिखचा कमानींचा पूल येतो, आणि मग रूळ नदीला सोडून व्हिटलिखकडे वळतात. म्हणून बेर्नकास्टेल-कूसला जायचं तर व्हिटलिखहून बस. ट्राबेन-ट्रारबाखला मात्र बुलायहून फाटा जातो.

बुर्ग एल्ट्झ हा किल्ला सगळ्यांच्या यादीत असतो. स्टेशन मोझेलकेर्न. तिथे फक्त आरबी ८१ थांबते, जलद आरई नाही. तिथून ओढ्याकाठच्या जंगलवाटेनं पाचेक किलोमीटर, सव्वा तास, शेवटी चढ. आत वाटाड्यासोबतच सोडतात, फोटो काढू देत नाहीत, आणि हिवाळ्यात किल्ला बंद असतो.

अजून एक: कोब्लेंझहून ट्रिअरकडे जाणारी आरई १ आणि लक्झेंबर्गची आरई ११ या एकमेकींना जोडून धावतात आणि ट्रिअरला सुट्या होतात. फलाटावरच्या पाटीत कुठला डबा कुठे जाणार ते अक्षरांच्या विभागांनुसार लिहिलेलं असतं. ट्रिअरलाच उतरणार असाल तर काही बिघडत नाही. पुढे जाणाऱ्यांनी डब्यावरचं नाव वाचूनच बसावं.

कोब्लेंझमध्ये बोटीच्या धक्क्यासाठी कोब्लेंझ श्टाटमिटे हे स्टेशन जवळचं. हाउप्टबानहोफहून चालत जवळपास अर्धा तास लागतो. मोठ्या बॅगा मात्र हाउप्टबानहोफच्या लॉकरमध्ये टाकाव्यात.

फ्रँकफुर्टहून

तिकिटांचा हिशेब. डॉइचलांडटिकेट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. देशभरच्या लोकल, आरबी, आरई, ट्राम आणि बस त्यावर चालतात. आयसी आणि आयसीई चालत नाहीत, पर्यटक बोटीही नाहीत. हे वर्गणीचं तिकीट आहे. त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. काही विक्रेते फक्त युरोपीय बँक खातं मागतात. भारतातून आलेल्यांनी क्रेडिट कार्ड घेणारा विक्रेता शोधावा. महिना १ तारखेपासून मोजला जातो, त्यामुळे २९ जून ते २ जुलै अशी सहल असेल तर दोन महिन्यांचे पैसे पडतील.

दोन-चार जण एक-दोन दिवसांसाठी निघाले असतील तर राज्याचं दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. र्‍हाइनलांड-फाल्झ टिकेटवर पाच जणांपर्यंत जाता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहायची असतात, कोरं ठेवलं तर तपासनीस मानत नाही. ठेच इथे लागते: फ्रँकफुर्ट हेसेन राज्यात आहे. तिथून माइंझपर्यंत वेगळं तिकीट काढावंच लागतं.

ड्रेस्डेनहून

एल्ब नदीलाही हाच नियम: वर रेल्वे, खाली बोट. एस १ लोकल ड्रेस्डेनहून बाड शांडाउला पाऊण तासात पोचवते, तीच वाट बोटीला उलट प्रवाहात निम्म्याहून जास्त दिवस घेते. इथल्या वाफेच्या चाकाच्या बोटी खऱ्याखुऱ्या आहेत. नऊपैकी सर्वांत जुनी ‘श्टाट वेलेन’ १८७९ ची. यंत्र खाली उघडं दिसतं, लोखंडी दांडे फिरताना बघत उभं राहता येतं.

बास्टाय या खडकांमधल्या पुलासाठी कुरओर्ट राटेनला उतरा. स्टेशन एका काठाला, गाव दुसऱ्या. मधली फेरी दोराला बांधलेली असते आणि इंजिनाशिवाय, निव्वळ प्रवाहाच्या जोरावर सरकते. पुढे वर जायला पायऱ्या भरपूर आहेत.

उन्हाळ्यात पाऊस नसला की एल्बचं पाणी फार उतरतं आणि बोटींच्या फेऱ्या छाटल्या जातात. जुलै-ऑगस्टमध्ये बोट हीच मुख्य गोष्ट धरून इथे येऊ नका. आदल्या संध्याकाळी कंपनीची सूचना बघा.

बॉनहून

पाण्याच्या पातळीवरून आठवलं. ऱ्हाइनसाठी कौबची पातळी बघायची. तो आकडा तळापासूनची खोली नसतो, मोजपट्टीच्या शून्यापासूनचा असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो २५ सेंटिमीटरवर आला होता, तरी नदी कोरडी नव्हती. पाणी कमी झालं की आधी मालवाहू जहाजं अडतात. प्रवासी बोटी उथळ असल्यानं चालतात, पण एखादा धक्का गाळतात. पूर आला तर उलट. कौबला ६४० सेंटिमीटर ओलांडले की सगळी जहाज वाहतूक बंद. बर्फ वितळण्याच्या आणि लागोपाठ पावसाच्या दिवसांत हे होतं, तेव्हा हाताशी रेल्वेचा बेत असू द्या.

‘ऱ्हाइन इन फ्लामेन’ म्हणजे आतषबाजीच्या रात्री. मे ते सप्टेंबरमध्ये वेगवेगळ्या गावांत होतात. कोब्लेंझची ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. त्या शनिवार-रविवारी खोल्या मिळत नाहीत आणि शेवटच्या गाड्या खच्चून भरतात.

हायडेलबर्गहून

नेकारला एकच दिवस असेल तर हायडेलबर्गहून बोटीनं नेकारश्टाइनाख, दीड तास, दोन जलपाश. तिथे एकाच कड्यावर चार गड. परत एस १ किंवा एस २ लोकलनं वीस मिनिटांत. येताना हायडेलबर्ग-आल्टश्टाट स्टेशनवर उतरा, जुनं गाव तिथून लगेच. मराठी माणसाला एक सांगावंसं वाटतं: खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर याच गावातल्या दक्षिण आशिया संस्थेत होते.

रेगेन्सबुर्गहून

डॅन्यूबचं थोडक्यात. केल्हाइम ते वेल्टेनबुर्ग मठ, कड्यांमधली घळ. मठाकडे जाताना प्रवाहाविरुद्ध चाळीस मिनिटं, परतताना वीस. केल्हाइमला प्रवासी स्टेशन नाही. साल आन डेर डोनाउला उतरून बस. बायर्न टिकेटही आठवड्याच्या दिवशी ९ नंतरच. मठातली ब्रुअरी १०५० पासूनची सांगतात, अंगणात जेवण मिळतं, पण रविवारी दुपारी जागा मिळणं कठीण.

श्टुटगार्टहून

शाकाहारी असाल तर हे वाचा. फ्लामकूखेन (पातळ भाजलेल्या पोळीसारखा पदार्थ) नेहमीच्या रूपात डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह येतो, ‘ओने श्पेक’ असं स्पष्ट सांगा. शरद ऋतूत नव्या वाइनसोबत मिळणाऱ्या कांद्याच्या केकातही बहुधा ते असतं. बिनधास्त मागवावं असं म्हणजे केझेश्पेट्झ्ले (चीजमधल्या जाड शेवया), सफरचंदाच्या गरासोबतचे बटाट्याचे घावन, आणि माइंझकडचं श्पुंडेकेस (मऊ चीजचं तोंडीलावणं). पाणी ‘श्टिलेस’ म्हणून मागा, नाहीतर सोडा येतो. रविवारी दुकानं बंद असतात आणि सोमवारी छोट्या गावांतली बरीच हॉटेलंही, तेव्हा शनिवारी फळं, ब्रेड, दही घेऊन ठेवा. थेपले-चटणीचा डबा रेल्वेत चालतो. बोटीवर उपाहारगृह असतं, तिथे बाहेरचं खाणं उघडण्याआधी विचारावं.

फ्रँकफुर्टहून, परत

निघण्याच्या आदल्या रात्री अॅपमध्ये ‘एसईव्ही’ ही अक्षरं दिसतात का बघा. म्हणजे रेल्वेऐवजी बस. इथे मार्ग महिनोन्‌महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त केले जातात. फ्रँकफुर्ट-मानहाइम २०२४ च्या जुलै ते डिसेंबर बंद होता, आणि ऱ्हाइनच्या उजव्या काठाचा मार्ग २०२६ च्या उत्तरार्धात बंद ठेवण्याचं नियोजन आहे. त्या काळात मुक्काम डाव्या काठालाच, बाखाराख किंवा बोपार्डला करा. ब्राउबाख आणि र्‍यूडेसहाइम बसनं किंवा फेरीनं जमतात, पण बस स्टेशनच्या दारातूनच सुटेल असं नाही. थांबा कुठे आहे ते स्टेशनवरच्या फलकावर नकाशासह लावलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. बसला रेल्वेपेक्षा दुप्पट वेळ धरा.