मदत हवी आहे : जुन्या बाग-ट्रॅक्टरच्या बदली इंजिनाचे बोल्ट कसे तपासावेत?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतील जुन्या गवतकापणी ट्रॅक्टरला नुकतेच एका सिलिंडरचे बदली पेट्रोल इंजिन बसवले. मात्र थोड्याच वापरानंतर ते चेसिसला (सांगाड्याला) धरणाऱ्या चारपैकी दोन बोल्ट ढिले झाले असून एकाचे आटे चकचकीत घासलेले दिसतात. बोल्टच्या डोक्यावर 8.8 हा (मजबुतीची श्रेणी सांगणारा) शिक्का आहे, नटांवर मात्र कोणतीही खूण नाही. स्प्रिंग वॉशर बदलून व टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळूनही फरक पडला नाही. 8 मिमीच्या बोल्टवर 5/16 इंची, म्हणजे 7.94 मिमीचे नट चढवले असावेत, अशी मला दाट शंका आहे, कारण हे नट हाताने दोन वेढे फिरतात आणि मग अडतात. चेसिसला वेल्डिंग करायचे नाही. पिच गेज (आट्यांमधले अंतर मोजायचे साधन) याव्यतिरिक्त आट्यांची खात्री कशी करावी, आणि ताणले गेलेले बोल्ट इंजिन न उतरवता ओळखता येतात का?