डीमन, देवचार आणि मयत खातेदार

संगणकातल्या इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणावं, हा माझा विषय. पहिला शब्द आहे 'डीमन'. लिनक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या माणसाला तो रोज भेटतो. डीमन म्हणजे पडद्यावर न दिसणारा, कुणाशी थेट न बोलणारा प्रोग्रॅम. यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तो मागे राहून आपलं नेमून दिलेलं काम करतो. ठरल्या वेळी कामं उरकणारा क्रॉन हा डीमन, बाहेरून आलेल्याला दारातच ओळख विचारणारा एसएसएचडी हाही डीमनच. नावाच्या शेवटचा 'डी' त्याचीच खूण.

मराठीत याला कुणी 'पार्श्वभूमी प्रक्रिया' म्हणतात. तो शब्द मला पटत नाही, आणि कारण फक्त तो जड आहे एवढंच नाही. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एखादी आज्ञा देऊन ती मागे ढकलली तर तीही पार्श्वभूमीतच चालते, पण ती डीमन नसते. तिची नाळ त्या टर्मिनलशी जोडलेली असते. डीमनला टर्मिनलच नसतं. तो कुणा एकाच्या हाताखाली नाही, तो त्या यंत्राचा असतो. हा फरक ज्या शब्दात येत नाही तो प्रतिशब्द कशाला घ्यायचा?

माझं मत 'राखणदार' या शब्दाला आहे. कोकण-गोव्याकडच्या माणसाशी बोलत असेन तर मी सरळ 'देवचार' म्हणेन.

डीमन हा शब्द संगणकात आला १९६३च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅक या संगणक-संशोधन प्रकल्पात. फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने तो भौतिकशास्त्रातून उचलला. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६७मध्ये एक काल्पनिक जीव मांडला होता. दोन कप्प्यांमधल्या बारीक दाराशी बसून तो वेगवान रेणू एका बाजूला आणि मंद रेणू दुसऱ्या बाजूला जाऊ देतो. मॅक्सवेलने त्याला भूत किंवा सैतान म्हटलं नव्हतं. 'डीमन' हे नाव पुढे विल्यम थॉमसनने, म्हणजे लॉर्ड केल्विनने दिलं, आणि त्याच्या मनात सैतान नव्हता, ग्रीकांचा 'दायमॉन' होता. देव आणि माणूस यांच्या मधला, स्वतः चांगला ना वाईट, आपलं काम करणारा. ख्रिस्ती धर्म आल्यावर याच दायमॉनचा सैतान झाला. म्हणून संगणकवाले इंग्रजीत आजही जुनं स्पेलिंग (daemon) जपतात, सैतानाशी गल्लत होऊ नये म्हणून.

आता आपला देवचार बघा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात गावाच्या हद्दीचा, बागेचा, पाणंदीचा राखणदार असतो. कुठे त्याला देवचार म्हणतात, कुठे जागेवाला, कुठे नुसताच राखणदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, रात्री हद्दीवरून फेरी. तो दिसत नाही, काठीचा आवाज मात्र ऐकू येतो असं जुनी माणसं सांगतात. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो, आगळीक करणाऱ्याला धडा शिकवतो. वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा: रोट, विडी, कुठे कोंबडा, कुठे सोरो म्हणजे दारू. (इंग्रजीत दारू आणि आत्मा या दोघांना 'स्पिरिट' हा एकच शब्द आहे. आमच्याकडे त्या दोघांची गाठ हद्दीवरच्या दगडापाशी पडते.) वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. रात्रभर गावाभोवती फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे.

याच देवचाराचं गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत काय झालं? तिथे 'देवचार' म्हणजे सैतान. दायमॉनच्या नशिबी जे आलं तेच इथेही आलं. कित्येक शतकांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावर दोन शब्दांनी एकच वाट चालावी, आणि दोघांच्या मुळाशी रात्री जागून राखण करणारा, न दिसणारा कुणीतरी असावा, याहून नेमका प्रतिशब्द मला सुचत नाही. देशावरच्या माणसाला देवचार परका वाटेल हे मला मान्य आहे. तिथे वेशीवर म्हसोबा असतो. म्हणून सगळ्यांसाठी 'राखणदार'. तो शब्द नागपूरपासून बेळगावपर्यंत कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

याच्याच शेजारचा शब्द 'झॉम्बी'. इथे तर मूळ इंग्रजी शब्दच चुकला आहे असं मी म्हणेन. झॉम्बी ही कल्पना हैतीची. मेल्यावरही सुटका नाही, मांत्रिक उठवतो आणि मळ्यावर राबवतो. उसाच्या मळ्यात गुलामीत पिचलेल्या माणसांची ही भीती आहे, जिवंतपणी जे भोगलं ते मरणानंतरही संपणार नाही ही. युनिक्समधला, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातली त्या संगणकप्रणालीतला, झॉम्बी ही एक प्रोसेस (चालवलेला प्रोग्रॅम) असते, पण तो काहीच राबत नाही. तो संपलेला असतो. मेमरी सोडलेली, प्रोसेसरचा वेळ शून्य. उरते ती प्रोसेस टेबलातली, म्हणजे यंत्राच्या प्रोसेसच्या यादीतली, एक ओळ: त्याचा क्रमांक आणि तो कसा संपला याची नोंद. जन्म देणाऱ्या प्रोसेसने, म्हणजे बापाने, 'वेट' करून ती नोंद वाचली की ओळ पुसली जाते. बापाने वाचलीच नाही तर ती तशीच राहते. 'किल -९' ही जबरदस्तीने संपवायची आज्ञा द्या, काही होत नाही, कारण मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही. अशा ओळी साठत गेल्या की क्रमांक संपतात. लिनक्सवर ही मर्यादा बराच काळ ३२,७६८ असे. ती गाठली की यंत्र व्यवस्थित चालू असूनही नवा प्रोग्रॅम जन्माला येत नाही.

ही अवस्था महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. वारसनोंद झालेली नसते, म्हणून कर्ज मिळत नाही, विक्री होत नाही, अनुदान अडतं. माणूस नाही, जमीन तो कसत नाही, पण त्याच्या नावाची ओळ सगळ्यांना अडवून उभी आहे. महसूल खात्याचा यासाठी पक्का शब्द आहे: 'मयत खातेदार'. २०२५मध्ये राज्य सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती हीच नावं काढून वारसांची लावण्यासाठी. मला ही मोहीम फार मोलाची वाटते. कोणत्याही पक्षाने केली असती तरी मी हेच म्हटलं असतं. टेबल साफ ठेवणं हे सरकारचं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात गरजेचं काम आहे, आणि ते मोहिमेपुरतं राहता कामा नये. मृत्यूची नोंद झाली की वारसनोंदीची प्रक्रिया आपोआप सुरू व्हायला हवी. प्रत्येक वेळी वारसाने तलाठ्याच्या दारात उभं राहायचं, हा त्या व्यवस्थेचा दोष आहे, वारसाचा नाही. तर शब्द: झॉम्बी प्रोसेस म्हणजे 'मयत प्रोसेस'. भुताखेताचा संबंधच नको. इथे महसूल खात्याची परिभाषा सरस आहे.

बाकीचे भराभर सांगतो. बाप आधी संपला आणि पोर चालूच राहिलं तर त्याला इंग्रजीत ऑर्फन म्हणतात, आपण 'पोरका' म्हणावं. पोरक्या प्रोसेसना पहिल्या क्रमांकाची प्रोसेस सांभाळून घेते. तिला मला 'वेताळ' म्हणावंसं वाटतं, कारण लोककथेत सगळी भुतं शेवटी वेताळाच्या पदरात असतात. पण हा माझा लाडका शब्द आहे, आग्रह नाही. प्रोग्रॅम त्याच त्या ओळींवर फिरत राहिला तर 'अनंत आवर्तन' लिहिण्यापेक्षा 'चकवा लागला' म्हणावं. माळावर रात्रभर फिरून पहाटे निघालो तिथेच पोचणं म्हणजे चकवा, आणि हा शब्द साऱ्या महाराष्ट्रात चालतो. 'अवतार', म्हणजे पडद्यावर आपल्या वतीने वावरणारी आकृती, हा शब्द तर आपलाच. १९८०च्या दशकात हॅबिटॅट नावाच्या ऑनलाइन खेळात तो गेला आणि तिथून जगभर फिरून परत आला.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: जादूटोण्याविरुद्ध इतकी लढाई झालेल्या राज्यात भुतांचे शब्द विज्ञानात कशाला आणायचे? मी तो मनावर घेतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा आजही फार थोड्यांनी वाचलेला आहे. भूत आहे की नाही यावर तो काही म्हणत नाही. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरवतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याने शब्दाला हात लावला नाही, कृत्याला लावला. मी या कायद्याच्या पूर्ण बाजूने आहे, आणि म्हणूनच मला शब्दांची भीती वाटत नाही. 'चकवा लागला' म्हणणारा प्रोग्रॅमर कोंबडं कापायला जात नाही, तो कोडमधली अट तपासतो. शब्द लोककथेतून उचलला आणि अर्थ तर्काने बांधला की ती लोककथा अंधारातून उजेडात येते असं मी मानतो.

आक्षेप घ्यायचाच असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि तिथे मी स्वतः हात आखडता घेतो. आपल्या भुतांना जात आहे. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा. समंध बहुधा ब्राह्मणाचाच. खवीस मुसलमानाचा, शब्दच अरबी, अर्थ दुष्ट. हडळ आणि लावसट बायकांच्या, आणि हडळ तर बहुधा बाळंतपणात मेलेल्या बाईची. जिवंतपणी जिला वैद्य मिळाला नाही तिला मेल्यावर भीतीदायक ठरवलं. असले शब्द मी परिभाषेत घेणार नाही. याला कुणी अतिसंवेदनशीलता म्हणेल. पण २०१८मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने आपल्या कोड आणि दस्तऐवजांमधून मास्टर-स्लेव्ह (मालक-गुलाम) ही जोडी काढायला सुरुवात केली, २०२०मध्ये कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने नव्या कोडसाठ्याच्या मूळ शाखेचं नाव 'मास्टर' ऐवजी 'मेन' केलं, लिनक्सच्या गाभ्यातही त्याच वर्षी तसा नियम आला. कोणाचंही काम अडलं नाही. नाव देताना थोडा विचार केला तर पुढच्या पिढीला ते नाव रोज उच्चारताना काही टोचणार नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

गुलामीवरून आठवला तो 'रोबो', विज्ञानकथेने जगाला दिलेला सर्वांत मोठा शब्द. चेक लेखक कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून तो आला, सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी फुकट करावं लागणारं काम. याला मराठीत अगदी जसाच्या तसा शब्द आहे: वेठ. आपण मात्र 'यंत्रमानव' केला. वेठीतली सक्ती गेली, शोषण गेलं, उरला लोखंडी माणूस. आणि चापेकचे रोबो लोखंडी नव्हतेच, ते रसायनांतून घडवलेल्या मांसाचे होते. संविधानाच्या २३व्या अनुच्छेदात बेगारीला बंदी आहे, १९७६मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा वेगळा कायदा करावा लागला, आजही सुटका झालेल्या मजुरांच्या बातम्या येतात. अशा समाजात 'वेठ' हा शब्द विज्ञानकथेच्या हाती लागला असता तर मराठीत रोबोच्या कथा वेगळ्या लिहिल्या गेल्या असत्या, असं मला मनापासून वाटतं. आता 'यंत्रमानव' बदलणार नाही. पण कथालेखकाने मनात तरी वेठबिगार धरावा.

याचा अर्थ घडवलेले शब्द वाईट असं नाही. 'कृष्णविवर' किती सुंदर शब्द आहे! १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत याच नावाची कथा पहिली आली. पाठवणाऱ्याचं नाव होतं नारायण विनायक जगताप, आणि ती निघाली जयंत विष्णु नारळीकरांची. नावाची आद्याक्षरंच त्यांनी उलटी केली होती. पुढे याच नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. उत्तरं ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीएवढीसुद्धा नाही. त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाच्या नावात यक्ष आहेत. यक्ष कथेत खुशाल असावेत, कुंडलीत मात्र पुरावा मागावा, ही त्यांची रीत मला परिभाषेसाठीही योग्य वाटते.

माझी यादी अशी ठरते: डीमनला राखणदार, झॉम्बीला मयत प्रोसेस, ऑर्फनला पोरकी प्रोसेस, इन्फिनिट लूपला चकवा. 'वॉचडॉग टायमर'ला अजून चांगला शब्द मिळालेला नाही. एखादं यंत्र अडकलं की ठराविक वेळाने त्याला झटका देऊन पुन्हा सुरू करणारी ही सोय असते. 'जागल्या' सुचतो, गावात रात्री गस्त घालून हाकारे देणारा. विदर्भात आणि खानदेशात त्याला काय म्हणत, आणि तो शब्द तिकडे आदराने उच्चारला जाई की जातीने, हे त्या भागातल्या कुणी सांगितलं तर यादी पुरी करता येईल.