नागपुरातल्या गटांचे न लिहिलेले नियम : अनुभव सांगा

भिशी, फिरायला जाणारे, सेवेचे गट... नियम कुठेच लिहिलेले नसतात. नवीन माणसानं काय पाहावं, कुठे बिनसतं, ते नेमकं लिहा. आठवणी नकोत.

भिशीवाली, प्रतापनगर
बारा जणी, महिन्याला २००० म्हणजे हाती २४,०००. एवढं सांगतात. न सांगितलेलं पुढे आहे. पैसे चिठ्ठी उघडायच्या आधी द्यायचे. पहिला नंबर बहुधा चालवणारीचा, कारण कोणी बुडवले तर भरून तीच देते. नंबर लागून गेला तरी उरलेले महिने हजेरी लावायची; एक दांडी झाली की "पैसे घेतले नि गेली" सुरू. खाण्याचं प्रकरण सगळ्यात नाजूक. एक तिखट, एक गोड, चहा असं चालत आलं असेल तिथं हौसेनं पाच पदार्थ मांडू नये. तोंडावर कौतुक होतं, पण पुढचीला सहा करावे लागतात. "एवढं कशाला केलं गं" दोघींनी म्हटलं की काय ते समजावं. आपली पाळी यायच्या आधी दोन-तीन घरची ताटं बघून ठेवा.

अंबाझरीचा फिरस्ता
वेळ बदलली हे कोणी कळवत नाही. थंडीत साडेसहा, मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की पाच. तुम्ही सहाला पोचाल तर मंडळी तर्री-पोह्यावर. बिल पाळीनं, लिहून कोणी ठेवत नाही, पाठ मात्र सगळ्यांना असतं. पहिल्याच दिवशी भरू नका, मिरवल्यासारखं दिसतं. चार-पाच दिवसांनी न बोलता पैसे पुढे करा.

महालकर
वरच्या दोन्हींना जोड : सगळ्यात जुन्या माणसाला विचारू नका. त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, तो म्हणते, "आपल्याकडे काही नियम नाही न भाऊ." वर्षभरापूर्वी आलेला बरोबर सांगतो.

भोजनदान, दीक्षाभूमी परिसर
धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वाढायला आलेल्या नव्या माणसानं थेट डाव हातात घेऊ नये. आधी पाणी, मग उष्ट्या पत्रावळ्या उचलणं. तेवढ्यात रांगेचा वेग कळतो. भात अर्धा डावच. लागला तर माणूस पुन्हा येतो, टाकलेला भात परत पातेल्यात जात नाही. आणि "आत्ताच नेलं न तुम्ही" हे तर म्हणूच नये. मागे सावलीत म्हातारी बसलेली असते, तिच्यासाठी नेत असतात.