शेजारच्या सह्या झाल्याशिवाय पायाची खोदाई नको: पटतंय का?

गिरगावकर: जुन्या इमारतीला खेटून पुनर्विकासाचा खड्डा घ्यायचा, तर आधी शेजाऱ्यांच्या खोल्याखोल्यांतल्या भेगांचे फोटो, नोंद आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. तोवर जेसीबी आत नको. आमच्या इमारतीचा सगळा भार भिंतींवरच, पाया उथळ. शेजारी दोन तळघरं खणणार. वडाळ्यात २५ जून २०१८ ला लॉइड्स इस्टेटची संरक्षक भिंत खचून गाड्या बाजूच्या खोदाईत गेल्या. ती काही जुनी चाळ नव्हती.

साइटवाला: नोंद करा, ना नाही. सह्या कशाला? एक भाडेकरू अडून बसला की काम ठप्प. आजोबांच्या काळातल्या भेगेचेही पैसे मागतात लोक. शोअर पायलिंगचा, म्हणजे खड्ड्याच्या कडेने खांब घालून माती अडवण्याचा, खर्च आम्ही करतोच की.

मातीतला माणूस: पायलिंग केलं म्हणजे सुटलात असं नाही. पाइल्समधल्या, म्हणजे त्या खांबांमधल्या, फटींतून पाणी येतं. रात्रंदिवस पंप चालला की शेजारच्या जमिनीतलं पाणी उतरतं, भरावाखालचा खाडीचा चिखल दबतो आणि इमारत एका अंगाला बसते. पंपातून गढूळ पाणी आलं तर समजा, शेजाऱ्याची मातीच उपसताय! शिवाय अँकर, म्हणजे ते खांब मागच्या मातीत बांधून ठेवणारे दोर, शेजारच्या प्लॉटखाली जाणार असतील, तर संमती लागणारच. ती नको असेल तर आतून स्ट्रट, म्हणजे आडवे टेकू, लावा. पण ते मशीनच्या आड येतात, म्हणून साइटवर कोणालाच आवडत नाहीत.

साइटवाला: १८८२ चा ईझमेंट कायदा बघा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांचा. शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क नैसर्गिक अवस्थेतल्या जमिनीला आहे, तुमच्या चार मजल्यांना नाही.

गिरगावकर: कलम १५ पण बघा. वीस वर्षं विनाअडथळा आधार मिळाला, की तो हक्क इमारतीलाही लागतो. आमची चाळ स्वातंत्र्याआधीची आहे, साहेब.

लंडनची सून: इथे १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे, सामाईक भिंती आणि शेजारच्या खोदाईसाठी. तीन मीटरच्या आत, शेजारच्या पायापेक्षा खोल जायचं तर महिनाभर आधी नोटीस. वाद झाला तर सर्व्हेयर निवाडा देतात. शेजारी काम कायमचं अडवू शकत नाही, पण खणणाराही परस्पर सुरू करू शकत नाही.

साइटवाला: हे चालेल. फक्त तो सर्व्हेयर महापालिकेच्या टेबलावरून यायला नको, नाहीतर फाइल पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरेल.

पुण्याहून: पावसाळ्याचंच बोलू. कोंढव्यात २९ जून २०१९ ला सोसायटीची भिंत बाजूच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले. खड्ड्याच्या कडेला, भिंतीखाली मजुरांच्या खोल्या नकोत, ही अटही परवानगीत घाला. त्यांची सही या धाग्यात अजून कोणी मागितली नाही.

साइटवाला: मग त्यांना ठेवायचं कुठे? प्लॉट केवढा, ते बघा तरी.